औषधाआधी आलेली भीती

एचआयव्हीवरची गोळी आज सरकारी इस्पितळात फुकट मिळते. दिवसाला एक. ती वेळेवर सुरू झाली आणि न चुकता घेतली तर माणूस जवळजवळ इतरांइतकाच जगतो. रक्तातले विषाणू मोजमापात येणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले की जोडीदाराला शरीरसंबंधातून लागणही होत नाही. हे सगळे आता पुस्तकी राहिलेले नाही, बांबोळीला गोमेकॉत रोज घडते. तरीही २०२३ च्या सरकारी अंदाजात देशातले एचआयव्हीबाधित सुमारे २५ लाख धरले, तर त्यांतल्या साधारण पाचांतल्या एकाला आपल्याला लागण झाली आहे याचा पत्ताच नव्हता. आणि ज्यांना पत्ता लागतो त्यांतही बऱ्याच जणांना तो लागतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

उशीर म्हणजे किती? डॉक्टर मंडळी तो वर्षांत मोजत नाहीत, सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशींत मोजतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. विषाणू त्यांनाच खातो. पहिल्या तपासणीच्या वेळी आकडा ३५० च्या खाली असेल तर निदान उशिरा झाले असे म्हणतात. २०० च्या खाली असेल तर रोग पुढच्या पायरीला पोचला. औषधाविना ही घसरण सहसा आठ-दहा वर्षे चालते, आणि यातली बहुतेक वर्षे माणूस धडधाकट असतो. शेतात जातो, कामाला जातो, फेस्ताला नाचतो, जत्रेला रात्र जागवतो. रोग दिसत नाही म्हणून तपासणी नाही, हे उशिराचे पहिले कारण. ते सगळ्या जगात सारखेच आहे.

पण आपल्या गोव्यात त्या उशिराला आणखी एक इतिहास आहे, आणि तो इतिहास सरकारी राजपत्रात छापलेला आहे. मी आरोग्य खात्यात नाही. माझे आयुष्य दुसऱ्याच खात्याच्या फायली हलवण्यात चालले आहे. पण कायद्याची भाषा रोज डोळ्यांखालून जाते, आणि एखादे क्रियापद बदलले की माणसांचे काय होते हे कारकुनाला चांगले कळते. म्हणून हा विषय मी डॉक्टरांच्या बाजूने न घेता राजपत्राच्या बाजूने घेतो आहे.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा हुडकली गेली ती १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला नावाच्या विद्यार्थिनीने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. ते तपासायची सोय वेल्लोरला होती. त्यांतले काही नमुने बाधित निघाले आणि दिल्लीपर्यंत खळबळ उडाली. तोवर हा रोग म्हणजे पाश्चात्त्यांचा, आपल्या संस्कृतीत तो शिरणारच नाही, अशी समजूत होती. मग गोव्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या नसत्या तरच नवल. कळंगुट, हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर विदेशी पर्यटक होते, बंदर होते, घरटी एक माणूस बोटीवर किंवा आखातात होता. इथल्या सरकारने घाई केली. १९८५ चा गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा नुकताच झाला होता. १९८७ पर्यंत त्याच्या ५३ व्या कलमात दुरुस्ती होऊन एड्सविषयीची पोटकलमे घुसली. रक्ततपासणीत जो बाधित आढळेल त्याला वेगळे ठेवावे, असा त्यांचा अर्थ होता. गोवा घटकराज्य झाले तेही १९८७ सालीच, त्यामुळे नव्या राज्याच्या अगदी पहिल्या कायद्यांत हा एक धरावा लागेल.

त्या कायद्याचा पहिला गाजलेला कैदी (दुसरा शब्द मला सापडत नाही) म्हणजे पर्ऱ्याचा डॉमनिक डिसोझा. पर्रा म्हणजे म्हापशाजवळचे, कलिंगडांसाठी नावाजलेले गाव. डॉमनिक नाटकांत काम करणारा, मित्रमंडळीत रमणारा तरुण, आणि नेमाने रक्तदान करणारा. रक्तदान हेच त्याला नडले. त्याने दिलेले रक्त तपासले गेले, ते बाधित निघाले, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याच्या दारात पोलीस आले. निष्कर्ष सांगायला डॉक्टर आला नाही, समजूत घालायला कोणी आले नाही. म्हापशाच्या पोलीस ठाण्यातून आझिलो इस्पितळात आणि तिथून क्षयरोग्यांसाठी पूर्वी बांधलेल्या, वापरातून गेलेल्या वास्तूत त्याची रवानगी झाली. बाहेर पोलिसांचा पहारा. अशा तऱ्हेने ६४ दिवस.

आता डॉक्टरी नजरेने पाहिले तर या ६४ दिवसांत काय साधले? विषाणू हवेतून पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे १९८९ साली सर्वांना ठाऊक होते. निदान ज्यांनी कायदा लिहिला त्यांना ठाऊक असायला हवे होते. कोंडून ठेवून त्याच्यावर काही उपचार चालले होते म्हणावे, तर तसेही नाही. झिडोव्हुडीन हे एकच औषध १९८७ साली अमेरिकेत मंजूर झाले होते, ते भयंकर महाग होते आणि एकटे फार काळ पुरे पडतही नव्हते. म्हणजे उपचार म्हणून हे कोंडणे नव्हते, प्रतिबंध म्हणूनही नव्हते. पण गोव्याच्या वाड्यावाड्यांत एक गोष्ट मात्र त्या दोन महिन्यांत पक्की पोचली. रक्त तपासले की पोलीस येतात.

डॉमनिकच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. मित्रमंडळी आणि नाटकवाले मागे उभे राहिले. डॉमनिकला घरी जायला मिळाले. कायदा मात्र टिकला. त्याच वर्षी, १९८९ मध्ये, सरकारने कलमात पुन्हा दुरुस्ती केली. आधी बाधिताला वेगळे ठेवणे बंधनकारक होते, ते आता सरकारच्या मर्जीवर आले. मराठीत सांगायचे तर 'ठेवावे' च्या जागी 'ठेवता येईल' आले. आम्हा कारकुनांना या दोन क्रियापदांतला फरक झोपेतही कळतो. 'करावे' असेल तर साहेबाची सुटका नाही, 'करता येईल' असेल तर पक्षकाराची सुटका नाही. न्यायालयाने आपल्या निकालात मान्य केले की असे वेगळे ठेवणे हा स्वातंत्र्यावर घाला आहे आणि त्याने माणूस समाजातून उठतो. पण व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांचा झगडा झाला तर समाजहिताला झुकते माप द्यावे लागेल, असे म्हणून कलम वैध ठरवले. १९९० च्या न्यायनिर्णयसंग्रहांत हा निकाल छापलेला आहे आणि कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. माझ्या मते न्यायालयाने चुकीचे दोन तट धरले. इथे एका बाजूला व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूला समाज असा झगडाच नव्हता. ज्याला आपली लागण ठाऊक आहे तोच दुसऱ्याला जपू शकतो. तो तपासणीला घाबरला तर समाजच गोत्यात येतो.

हे काही मी आज नव्याने सांगतो आहे असे नाही. मराठी माणसाने हाच धडा त्याआधी ९२ वर्षे पुण्यात गिरवला होता. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या सुरुवातीस पुण्यात. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडसाहेबाची कमिटी बसली, आणि गोरे सोल्जर घरोघर शिरून रोगी हुडकू लागले. रोग्याला प्लेगच्या इस्पितळात न्यायचे, घरच्यांना वेगळ्या छावणीत घालायचे, घरातली चीजवस्तू जाळायची. रँडचे पुढे काय झाले ते शाळेतल्या पोराला माहीत असते, २२ जून १८९७ ची रात्र आपण पाठच करतो. पण त्या आधीच्या महिन्यांत पुणेकर घराघरांत काय करत होते, याकडे आपले लक्ष जात नाही. ते रोगी लपवत होते. माळ्यावर, कोठीत, मागच्या पडवीत. ताप आलेल्याला धडधाकट म्हणून बसवून ठेवत होते. मेलेल्याचे प्रेतसुद्धा गुपचूप घरातच पुरल्याचे दाखले आहेत. कमिटीने जितका शोध घेतला तितका रोग आत गेला.

गोव्याकडेही रोग्यांना वेगळे ठेवायची परंपरा आहे, पण ती एकाच रंगाची नाही. कुष्ठरोग्यांसाठी माकाझनला १९३४ साली डॉ. फ्रॉयलानु द मेलु यांनी जे इस्पितळ उभारले, त्याकडे त्या काळाच्या मानाने उपकार म्हणूनच पाहावे लागते. रस्त्यावर टाकलेल्या माणसाला तिथे छप्पर आणि अन्न मिळत होते. घरून उचलून नेलेल्या, हसत्याखेळत्या तरुणाला पहाऱ्यात ठेवणे ही वेगळी गोष्ट. पण लोकांच्या मनात दोन्ही एकत्र मिसळले. आधी महारोग्यांची वस्ती, मग क्षयाचे सॅनेटोरियम, मग त्याच सॅनेटोरियमात एड्सवाला. 'वेगळे ठेवणे' हे शब्द आपल्याकडे औषधाचे कधीच नव्हते, ते गावाबाहेर काढण्याचे होते.

डॉमनिक बाहेर आला, त्याची नोकरी सुटली, आणि तो घरात बसला नाही. उघड चेहऱ्याने, नावानिशी बोलणारा तो देशातला अगदी पहिल्या काहींपैकी एक. इझाबेल दे सांता रिता वाझ या प्राध्यापिका आणि नाट्यदिग्दर्शिका यांच्यासह त्याने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली. त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला. निदानानंतर जेमतेम सव्वातीन वर्षे. या हिशेबावरून एक गोष्ट उघड होते. लागण होऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर त्याचे रक्त तपासले गेले होते. त्याने रक्तदान केले नसते तर तो शेवटच्या आजारपणापर्यंत अंधारात राहिला असता. २००५ साली आलेला 'माय ब्रदर... निखिल' हा चित्रपट त्याच्या कहाणीवरून सुचलेला आहे. त्यात जलतरणपटू वगैरे कल्पनेचे आहे, गोवा आणि कोंडवाडा खरा आहे.

१९९० च्या दशकात तपासणी टाळणाऱ्याला मूर्ख म्हणायचे मला धैर्य होत नाही. समजा एखाद्याने हिंमत करून रक्त दिले आणि बाधित निघाला, तर पुढे काय? औषध नाही. नोकरी जाण्याची भीती, घर दुरावण्याची भीती, इस्पितळात खाटेवर लाल अक्षरांची पाटी. भिंतीवरच्या जाहिरातींत कवटी आणि हाडे. कळून घेण्यात तोटाच तोटा होता, न कळण्यात निदान काही वर्षांची झोप होती. १९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि श्रीमंत देशांत मरणाऱ्यांचा आकडा झपाट्याने खाली आला. पण वर्षाला दहा-बारा हजार डॉलर कोण घालणार? २००१ मध्ये आपल्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, आणि साऱ्या जगातला हिशेब बदलला. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केला, तो आधी सहा राज्यांत आणि दिल्लीत. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यांत होते, गोवा पहिल्या यादीत नव्हता. इथे तो नंतर पोचला.

पण औषध आले तरी उशीर गेला नाही, आणि त्यात थोडा वाटा नियमाचाही आहे. सुरुवातीला औषधे मोजकी होती, म्हणून सीडी-फोर २०० च्या खाली गेल्यावरच उपचार सुरू होई. पुढे ही रेघ ३५० वर आली, मग ५०० वर, आणि २०१७ साली ती पुसलीच गेली. आता बाधित ठरला की लगेच गोळी. मधल्या तेरा वर्षांत मात्र असंख्य लोकांना केंद्रावरून सांगितले गेले की तुमची पातळी अजून चांगली आहे, सहा महिन्यांनी या. सरकारी कार्यालयातून 'नंतर या' म्हणून परत पाठवलेला माणूस किती वेळा परत येतो, हे मला खिडकीच्या आतल्या बाजूने माहीत आहे. त्यांतले कितीतरी जण परत आले ते खाटेवरून.

२००४ सालच्या आणखी एका घटनेची इथे नोंद केली पाहिजे. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वेश्यावस्ती. तिथल्या बहुतेक स्त्रिया उत्तर कर्नाटक आणि आंध्रकडच्या. काही स्वयंसेवी संस्था वर्षानुवर्षे तिथे बसून कंडोम, तपासणी, औषधपाणी यांचे काम करत होत्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन ती वस्ती पाडली गेली. किनारा स्वच्छ झाला म्हणून अनेकांना बरे वाटले. बायका मात्र नाहीशा झाल्या नाहीत. त्या खोल्यांत, लॉजांत, महामार्गाच्या कडेने, दुसऱ्या गावांत पांगल्या. ज्या आरोग्यसेविकेला त्यांची दारे ठाऊक होती तिला आता पत्ताच उरला नाही. पाडकामानंतर झालेल्या एका अभ्यासात गोव्यातल्या या व्यवसायातील सुमारे चौथा हिस्सा स्त्रिया बाधित आढळल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणात लागण असलेल्या गटाला तपासणीच्या टेबलापासून दूर हाकलणे आणि मग उशिरा निदान होते म्हणून हळहळणे, ही दोन्ही कामे आपण एकाच वर्षी केली.

आता पांढरपेशांकडे वळू. कारण उशिरा सापडणाऱ्यांत हा वर्ग काही मागे नाही. बायणातल्या स्त्रीला निदान तपासणीसाठी कोणी शोधत येत होते. बँकेतल्या माणसाला, मास्तराला, बोटीवरून आलेल्याला कोण विचारणार? त्याला नागीण उठते, ती त्वचारोगवाला बरी करतो. तोंडात पांढरी बुरशी येते, फॅमिली डॉक्टर औषध लावायला देतो. महिनाभर जुलाब होतात, वजन उतरते, मग पोटाचा डॉक्टर दुर्बीण घालून पाहतो. प्रत्येकाने आपापला तुकडा बरा केला, सगळे तुकडे जोडून 'एकदा एचआयव्ही तपासू या' असे कोणी म्हटले नाही. का? कारण माणूस ओळखीचा, घर चांगले, असे कसे विचारायचे? विचारले तर पेशंट तुटेल. रोग्याची लाज आणि डॉक्टरची भीड मिळून दोन-तीन वर्षे सहज जातात.

आणि आपला गोवा एवढासा. म्हापशाच्या लॅबमधला मुलगा शेजारणीचा भाचा निघतो, मडगावच्या इस्पितळातली परिचारिका मावसबहिणीची नणंद. गोमेकॉत कुठल्या दाराशी उभे राहिले म्हणजे कोण कशासाठी आला ते चटकन ओळखू येते. म्हणून ज्यांना शक्य आहे ते बेळगाव, हुबळी, मुंबई गाठतात, तिथे खोटे नाव सांगतात. निष्कर्ष कळतो पण उपचाराला नाव खरे लागते, ओळखपत्र लागते. तिथे गाडी पुन्हा अडते.

या सगळ्याची किंमत कोण भरतो ते जरा उलगडून सांगतो, कारण 'उशीर' हा शब्द फार मऊ आहे. आपल्या देशात बाधिताला सर्वांत आधी गाठतो तो क्षय. सीडी-फोर २०० च्या खाली गेल्यावर फुफ्फुसाचा एक खास न्यूमोनिया, १०० च्या खाली मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी बुरशी, ५० च्या खाली डोळ्याच्या पडद्याचा आजार, ज्यात दृष्टी जाते ती परत येत नाही. अशा अवस्थेत औषध सुरू केले तरी धोका टळत नाही. झोपी गेलेली प्रतिकारशक्ती एकदम जागी होते आणि आत दबा धरून बसलेल्या जंतूंवर अशी तुटून पडते की पहिल्या काही आठवड्यांत रोगी आणखी खालावतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, औषधानेच मारले. मग वाड्यावरचा पुढचा माणूस त्या औषधाला घाबरतो.

दुसरी किंमत बायको भरते. कितीतरी घरांत नवऱ्याचा रोग कळतो तो त्याच्या शेवटच्या महिन्यात, आणि बायकोचे रक्त तपासले जाते ते त्याच्या तेराव्यानंतर. किंवा उलट. ती पहिलटकरीण म्हणून इस्पितळात जाते, गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीत तिचेच निदान आधी होते, आणि घरात 'ही घेऊन आली' असा निकाल लागतो. वास्तविक ती तपासणीच त्या घरातली सर्वांत वेळेवर झालेली गोष्ट असते. काहीच न केल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचा संभव १५ ते ४५ टक्के धरतात, वेळेवर औषध मिळाल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. बाळ वाचते ते तिचे निदान लवकर झाल्यामुळे, आणि बोल लागतो तोही तिलाच.

जी बाळे त्या काळात वाचली नाहीत, म्हणजे लागण घेऊन जन्मली, त्यांचे काय? २०१४ साली रिवण येथे अनाथाश्रमातल्या १३ बाधित मुलांना शाळेत बसू देऊ नका म्हणून इतर पालक अडून बसले, आणि मुलांना दुसऱ्या शाळेत हलवावे लागले. डॉमनिकला घरून नेले त्याला तेव्हा २५ वर्षे झाली होती. यावेळी कायदा नव्हता, पोलीस नव्हते. लोकांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतले.

२०१७ साली संसदेने एचआयव्ही-एड्सविषयी स्वतंत्र कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. माणसाच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, निष्कर्ष गुप्त राखायचा, नोकरीसाठी तपासणीची अट घालायची नाही. आणि त्यात बंदी घातलेल्या गोष्टींच्या यादीत बाधिताला वेगळे ठेवणे हेही आहे. पणजीला १९८७ मध्ये जे सरकारचे कर्तव्य होते ते दिल्लीला तीस वर्षांनी गुन्ह्यांच्या रांगेत बसले.

तरी आमची जुनी खोड जात नाही. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करावी, हा विचार गोवा सरकारने २००६ मध्ये मांडला होता, आणि नवा केंद्रीय कायदा लागू होऊन वर्षही झाले नव्हते तोच २०१९ च्या जुलैत तो पुन्हा पुढे आला. हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. लेकीच्या बापाला ही कल्पना पटते, हेही मला समजते. पण आपल्याकडे लग्न निबंधकाकडे कसे होते ते गोंयकाराला सांगायला नको. पहिली सही, नोटीस, मग दुसरी सही. त्यात एक रक्ताचा कागद जोडला तर तो फाइलीत राहणार, फाइल कारकुनाच्या टेबलावर, आणि टेबलाभोवती सारा तालुका. शिवाय नवी लागण झाल्यापासून काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही, म्हणजे तो कागद फक्त त्या दिवसापुरता खरा. आणि जो मुलगा मनातून धास्तावलेला आहे तो काय करील? सहीच्या आधी एकदा बेळगावला जाऊन येईल, कोणालाही न सांगता. तिथे निष्कर्ष वाईट निघाला तर लग्न मोडेल, कारण काही वेगळेच सांगितले जाईल, आणि तो गोमेकॉच्या त्या दाराशी यायला आणखी पाच-सहा वर्षे घेईल.